सर टॉमस रो यांची रोजनिशी आणि बुऱ्हाणपूरचे कापड

हिंगोलीच्या कापड व्यापाऱ्यांना बुऱ्हाणपूर हे गाव नवे नाही. पूर्णा-हिंगोली-अकोला-खंडवा ही मीटरगेज लाइन होती तेव्हा येथून रेल्वेने खंडवा गाठायचे आणि पुढे गाडी बदलून बुऱ्हाणपूरला उतरायचे, हा ठरलेला रस्ता होता. तेथील अन्सारी बांधवांचे यंत्रमाग आजही चालू आहेत. या शहराचा आपल्या मराठवाड्याशी एक जुना नातेसंबंधही आहे. फारुकी सुलतान नासिर खान याने हे शहर वसवले आणि त्याला खुलदाबादेत आराम फर्मावणाऱ्या हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांचे नाव दिले. अशा या शहरात चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाचा एलची येऊन गेला आणि त्याने येथील दरबाराविषयी व व्यापाराविषयी रोजनिशी लिहून ठेवली. आपल्या व्यापारी आणि कारीगर बांधवांनी ती समजून घ्यावी अशी आहे.

या एलचीचे नाव सर टॉमस रो. सप्टेंबर 1615 मध्ये ते सुरतेच्या बंदरात उतरले. राजा पहिला जेम्स याचे पत्र त्यांच्याजवळ होते, पण त्यांचा पगार ईस्ट इंडिया कंपनी देत होती. म्हणजे मान राजाच्या एलचीचा आणि चाकरी व्यापाऱ्यांची. ही अडचण त्यांना शेवटपर्यंत भोवली.

इंग्रजांना त्या वेळी दरबारात वाव कसा मिळाला, तेही पाहण्यासारखे आहे. हाजी आणि तिजारतीचा माल तांबड्या समुद्राकडे नेणारे ‘रहीमी’ हे जहाज खुद्द जहांगीर बादशहाच्या वालिदांचे होते. 1613 मध्ये पोर्तुगीजांनी परवाना असतानाही ते पकडले. बादशहा संतापला. समुद्रावर पोर्तुगीजांना तोंड देणारा कोणीतरी हवा होता आणि इंग्रज त्या जागेवर आयतेच सापडले. त्यांची सुरतेची वखार त्याच वर्षीची आहे.

नोव्हेंबर 1615 मध्ये रो बुऱ्हाणपूरला पोहोचले. शहजादा परवेज तेथे दख्खनच्या मोहिमेवर होता. दरबारात शिरताना जमिनीला डोके टेकवण्यास सांगितले तेव्हा रो यांनी नकार दिला. बसायला खुर्ची मागितली, तर तीही मिळाली नाही. शहजाद्याचे आणि काही अमीरांचे वाडे सोडले तर शहरातील घरे मातीचीच आहेत, असे त्यांनी लिहिले. नाव शहजाद्याचे असले तरी कारभार सारा खान-ए-खानान अब्दुर्रहीम यांच्या हाती आहे, हेही त्यांनी लगेच हेरले. त्यांनी शहजाद्याला नजराणा म्हणून दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. परिणाम असा झाला की, त्याच रात्री ठरलेली खाजगी मुलाखत शहजाद्याला देता आली नाही. नजराण्यावर यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही. मात्र बुऱ्हाणपुरात वखार घालण्याची परवानगी त्यांनी त्याआधीच पदरात पाडून घेतली होती. कारण त्यांना कापड हवे होते.

ते कापड कसे होते, हे पुढच्या पिढीतील फ्रेंच जवाहिरा ताव्हर्निये याने नोंदवून ठेवले आहे. बुऱ्हाणपूरची तलम, पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असे. काही थानांना सोन्या-चांदीच्या तारेची किनार असे. एवढ्या मोठ्या बाजारासाठी विणणारे हात आपल्याच कारीगरांचे होते.

आता इंग्रजांनी काय विकायला आणले होते? बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. आमच्या उन्हाळ्यात बनात कोण नेसणार! हत्तींच्या झुली आणि पालखीची आच्छादने यापलीकडे तिला फारशी मागणी नव्हती. तलवारी, आरसे, चित्रे असा किरकोळ माल काही दिवस नवलाईने खपला, मग पडून राहिला. येथील सुती कापड आणि नीळ घ्यायची तर चांदीच मोजावी लागे. युरोपची चांदी इकडे वाहत येते आणि परत जात नाही, हे रो यांनी स्पष्ट ओळखले होते. बाजार न पाहता माल भरला की काय होते, हे कोणत्याही दुकानदाराला सांगायला नको. आज जिद्द्याला किंवा दुबईला माल पाठवणाऱ्या आपल्या बांधवांनीही तेथील गिऱ्हाईक काय नेसते, हे आधी पाहावे.

जानेवारी 1616 मध्ये अजमेरला जहांगीर बादशहाची भेट झाली. बादशहा त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत असे आणि चित्रांची त्याला मोठी आवड होती. रो यांच्याकडील एका चित्राची नक्कल येथे कोणी करू शकणार नाही, असा त्यांचा दावा होता. बादशहाने आपल्या मुसव्विराकडून नकला करवून घेतल्या आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात मूळ चित्रासह समोर मांडल्या. मूळ कोणते हे ओळखताना रो गोंधळले आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आपल्या कारीगरीला परक्याने दिलेली ही दाद मला त्या रोजनिशीत सर्वांत मोलाची वाटते.

पण भाषेची अडचण मोठी होती. रो यांना फारसी येत नव्हती, तुर्कीही नाही. दुभाष्यावर सारी भिस्त. एकदा तर एका इटालियन जवाहिऱ्याला मध्ये घालून बोलणे करावे लागले. तीन वर्षे ते तहनाम्यासाठी झटले. दोन बादशहांमध्ये बरोबरीचा करार व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. मोगल दरबाराच्या दृष्टीने मात्र व्यापाऱ्यांना सवलत देणे ही मेहेरबानी होती, करार नव्हे. शेवटी 1618 मध्ये शहजादा खुर्रमकडून सुरतेच्या व्यापारापुरते फर्मान मिळाले आणि फेब्रुवारी 1619 मध्ये रो परत गेले. गंमत अशी की, जहांगीरच्या ‘तुजुक’मध्ये, ज्याचा उर्दू तर्जुमा आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल, या एलचीचा उल्लेखसुद्धा नाही.

कंपनीला 1616 साली लिहिलेल्या पत्रात रो यांनी दोन सल्ले दिले. पहिला असा की, या दरबारात एलचीचा इतमाम सांभाळण्यापेक्षा साधा गुमास्ता तुमचे काम अधिक चांगले करील. दुसरा सल्ला जास्त वजनाचा आहे. किल्ले बांधू नका, फौज ठेवू नका. पोर्तुगीजांनी शिपाई पोसण्यात नफा घालवला आणि डचही त्याच वाटेने चालले आहेत. फायदा हवा असेल तर समुद्रावर आणि शांतपणे केलेल्या व्यापारात शोधा.

कंपनीने व्यापार ठेवला, सल्ला सोडला. त्याचा पुढचा हिशेब आपल्या हिंगोलीलाच द्यावा लागला. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी हैदराबाद कंटिंजंट फौज उभी राहिली, तिची एक मोठी छावणी हिंगोलीत होती. त्या फौजेच्या पगाराचे कर्ज निजामाच्या डोक्यावर वाढत गेले. मे 1853 मध्ये रेसिडेंट कर्नल लो यांनी नवाब नासिरुद्दौला यांच्याशी तह केला आणि त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. वऱ्हाड म्हणजे कापूस. रो यांना तीन वर्षांत न मिळालेला तहनामा दुसऱ्या एलचीला मिळाला, पण त्याच्या मागे पलटण उभी होती.

1870 मध्ये खामगावला रेल्वे पोहोचली ती कापसासाठीच. गाठी विलायतेला जाऊ लागल्या आणि गिरणीचे कापड इकडे येऊ लागले. इंग्रजी अंमलाखालील मुलखात 1882 मध्ये त्या सुती कापडावरील आयात जकातही उठवण्यात आली. ज्या बाजारात बनात पडून राहत होती, तेथे आता लँकेशायरची थाने खपू लागली आणि हातमागावरचा विणकर मागे पडला. येथील गिऱ्हाइकाची पसंती एकाएकी बदलली असे मला वाटत नाही. जकात आणि रेल्वे कोणाच्या हाती होती, ते बदलले होते.

रो यांची रोजनिशी विल्यम फॉस्टर यांनी संपादित केली आणि लंडनच्या हक्लूट सोसायटीने 1899 साली दोन भागांत छापली. त्या वर्षी हिंगोलीची छावणी अजून उभी होती.