माणसे टिकतात कशाने? एम्प्रेस मिलचा दाखला

कर्मचारी एकामागून एक नोकरी सोडून जाऊ लागले की त्याला व्यवस्थापनाच्या परिभाषेत ‘गळती’ म्हणतात आणि तिचे खापर बहुधा पगारावर फोडले जाते. पगाराचा वाटा मोठा आहेच. परंतु सारख्याच पगाराच्या दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी माणसे उभी हयात काढतात आणि दुसऱ्या ठिकाणाकडे लवकरच पाठ फिरवतात, याचे कारण तिथल्या कार्यसंस्कृतीत, म्हणजे काम करून घेण्याच्या, चूक झाल्यास वागवण्याच्या आणि अडीअडचणीत पाठीशी उभे राहण्याच्या रोजच्या रीतीत शोधावे लागते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा फार जुना दाखला नागपूरच्या एम्प्रेस मिलचा आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी सुरू केलेल्या या गिरणीचा कारभार बेझनजी दादाभाई मेहता पाहत. ते रेल्वेतून आलेले होते आणि कापडधंदा त्यांना नवा होता. शेतीभाती, सणवार, लग्नकार्य यांत गुंतलेला कामगार वरचेवर गैरहजर राही, आणि दंड ठोठावणे किंवा कामावरून काढून टाकणे हा त्यावरचा रूढ उपाय होता. या गिरणीने निराळी वाट धरली. नियमित हजेरीला व चांगल्या कामाला समारंभपूर्वक बक्षिसे दिली जाऊ लागली, कार्यशाळेतली कोंदट हवा सुसह्य व्हावी म्हणून वायुवीजनाची यंत्रे बसवली गेली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला आणि १८९५ मध्ये अपघातग्रस्तांना भरपाई देण्याची योजना आली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात १९२३ साली झाला हे लक्षात घेतले, म्हणजे ही पावले किती आधी पडली ते कळते. यंत्रात हात सापडला तर घरची चूल विझणार नाही, एवढा भरवसा ज्याला आहे, तो माणूस गिरणीकडे आपले ठिकाण म्हणून पाहू लागतो.

त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत नोकरभरती मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या हाती होती. कामावर घेण्यासाठी तो दस्तुरी घेई. त्यामुळे जुना माणूस गेला की नव्याकडून पुन्हा कमाई, असा हिशेब होता. मालकाला गळती नको असली, तरी कामगाराशी ज्याचा रोजचा संबंध येई त्याला ती फायद्याची होती. वरच्या मंडळींचा हेतू कितीही चांगला असला, तरी कामगाराच्या दृष्टीने त्याच्या डोक्यावरचा मुकादम हीच कंपनी असते, ही गोष्ट आजही अनेक आस्थापनांत पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही.

त्या काळच्या कल्याणयोजनांना मर्यादाही होत्या. प्रौढ पुरुष कामगारांच्या कामाच्या तासांवर कायद्याने पहिली मर्यादा आली ती १९११ साली, आणि तीही दिवसाला बारा तासांची. शिवाय आधार कोणाला मिळतो, हाही प्रश्न होताच. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात मजुरी अधिक मिळे, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळाचे भय वाटे. १९२८ च्या गिरणी कामगारांच्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय ठामपणे मांडला. काहींनाच कुशीत घेणारी संस्कृती उरलेल्यांना दाराबाहेरच ठेवते, आणि तिला आधाराची संस्कृती म्हणणे अयोग्य आहे.

पुढे जे मालकाच्या मर्जीवर होते, त्यातले बरेच काही हक्क म्हणून कायद्यात आले. प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही त्यात आहे. मात्र ही मुभा प्रत्यक्षात वापरता येते की नाही, हे कलमापेक्षा विभागप्रमुखाच्या वागण्यावर ठरते. चौथ्या वेळी उठणाऱ्या आईकडे तो कपाळाला आठ्या घालून पाहत असेल आणि वर्षाखेरीच्या मूल्यमापनात त्याचे पडसाद उमटत असतील, तर पाळणाघर असूनही ती राजीनामा देते, आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असे लिहून जाते.