वायू अभिक्रियांच्या समतोलावर दाबाचा परिणाम

दोन्ही दिशांनी होणारी वायू अभिक्रिया समतोलात असताना दाब बदलल्यास समतोलाचे स्थान सरकू शकते. आकारमान कमी करून दाब वाढवल्यास समतोल वायूंच्या कमी मोलसंख्येच्या बाजूला झुकतो. दाब घटवल्यास अधिक मोलसंख्येच्या बाजूला. हा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातल्ये यांच्या तत्त्वाचा भाग आहे.

कारण

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया

येथे चार मोल वायूंपासून दोन मोल वायू तयार होतो. समतोल स्थिरांकात अमोनियाच्या आंशिक दाबाचा वर्ग अंशस्थानी, तर नायट्रोजनचा आंशिक दाब आणि हायड्रोजनच्या आंशिक दाबाचा घन यांचा गुणाकार छेदस्थानी असतो. आकारमान निम्मे केल्यास प्रत्येक आंशिक दाब दुप्पट होतो. अंश ४ पट, छेद १६ पट होऊन गुणोत्तर एक चतुर्थांश उरते. ते पुन्हा स्थिरांकाइतके होईपर्यंत अमोनिया तयार होत राहतो. स्थिरांकाचे मूल्य मात्र दाबाने बदलत नाही. ते तापमानावर अवलंबून असते.

४०० अंश सेल्सिअसला समतोल मिश्रणातील अमोनियाचे प्रमाण १० वातावरण दाबाला सुमारे ४ टक्के, १०० वातावरणाला सुमारे २५ टक्के, तर ३०० वातावरणाला सुमारे ४७ टक्के असते.

अपवाद

हायड्रोजन व आयोडीन यांपासून हायड्रोजन आयोडाइड होताना वायूंची मोलसंख्या बदलत नाही. त्यामुळे दाबाचा परिणाम होत नाही. आकारमान स्थिर ठेवून अरगॉनसारखा निष्क्रिय वायू मिसळल्यास एकूण दाब वाढतो, पण अभिक्रियेतील वायूंचे आंशिक दाब तेच राहतात व समतोल सरकत नाही.

महत्त्व

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुक्यात भात हे प्रमुख पीक आहे. भाताला दिला जाणारा युरिया अमोनियापासून बनतो. रायगड जिल्ह्यातील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया व युरिया तयार होतो.

अशा कारखान्यांत दाबाचे दोन परस्परविरोधी परिणाम दिसतात. मिथेन व वाफ यांपासून हायड्रोजन मिळवताना दोन मोलांचे चार मोल होतात, म्हणून समतोलाला कमी दाब अनुकूल असतो. तरीही पुढे वायू दाबण्याचा खर्च वाचावा म्हणून ही अभिक्रिया सुमारे ३० वातावरण दाबाला घडवतात आणि तोटा उच्च तापमान व जादा वाफ यांनी भरून काढतात. अमोनियाच्या टप्प्यात उच्च दाबच अनुकूल ठरतो. मात्र दाब वाढवताना ऊर्जा आणि जाड पोलादी पात्रे यांचा खर्च वाढतो. त्यामुळे प्रत्यक्ष दाब समतोल व खर्च या दोहोंचा विचार करून ठरतो.