डोक्याला वस्तरा नको, मशीन लावा!

बाळाचं जावळ काढायचं म्हटलं की घरात कोण आनंद असतो! मामाच्या मांडीवर बाळ, समोर पेढ्यांचा पुडा आणि रडून रडून लाल झालेला तो गोटा. तिरुपतीला नवस फेडायला गेलेल्या कितीतरी बायका कमरेपर्यंतचे केस हसतमुखाने देवाला वाहून येतात. डोक्यावर रुमाल बांधून गावात परततात, प्रसादाचा लाडू वाटतात आणि कुणी वेगळ्या नजरेने बघतही नाही.

पण ‘केमो सुरू झाली की केस जातील’ असं डॉक्टरांनी सांगितलं की भलीभली बाई कोलमडते. आजाराचं नाव तिनं पचवलेलं असतं, ऑपरेशनच्या कागदावर सहीही केलेली असते. रडू मात्र केसांसाठी येतं. त्यात घरचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, ‘न्हाव्याला बोलवा आणि एकदाचं चकोट करून टाका.’ कुणी म्हणतं, ‘यांचं दाढीचं रेझर आहेच की घरात!’ आणि एखाद्या कोपऱ्यातून हळूच आवाज येतो, ‘सवाष्णीनं डोक्याला वस्तरा लावू नये गं बाई.’

मैत्रिणींनो, या तीन सल्ल्यांपैकी शेवटचा सल्ला या वेळी चक्क ऐकण्यासारखा आहे. कारण मात्र वेगळं आहे, बरं का!

जुनी भीती कुठून आली?

बाईच्या मुंडणाला आपल्याकडे अशुभ मानतात त्याला इतिहास आहे. नवरा गेला की कोवळ्या पोरीचेसुद्धा केस उतरवायचे, तिला आलवण नेसवायचं आणि माजघरात बसवायचं, ही केशवपनाची रूढी महाराष्ट्रातल्या अनेक उच्चवर्णीय घरांत होती. तिला कुणी विचारत नव्हतं. याविरुद्ध बोलणाऱ्यांत खुद्द वस्तरा चालवणारे हातही होते. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार त्या कारागिरांनी केला. पोट ज्या हत्यारावर, तेच खाली ठेवायला केवढं धाडस लागलं असेल!

ती रूढी गेली, पण भीती मनात खोल राहिली. आजारपणात केस काढताना हा फरक आधी घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावा. इथे कुणी बाईचं काही हिरावून घेत नाही. केस काढायचे का, कधी, कशानं आणि कुणाकडून, हे सगळं तिनं स्वतः ठरवायचं आहे. ते ठरवताना उपयोगी पडेल अशी माहिती इथे देत आहे.

केस का जातात, कधी जातात?

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. केसांच्या मुळातल्या पेशी अशाच भराभर वाढणाऱ्या, म्हणून त्याही सापडतात. सगळ्याच औषधांनी केस जातात असं मात्र नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिली जाणारी डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारखी औषधं केस जवळजवळ हमखास घालवतात. काही औषधांनी केस नुसते विरळ होतात, तर काहींनी फारसे जातच नाहीत. म्हणून पहिल्या डोसच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘माझ्या औषधानं केस जाणार का?’ असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

जाणार असतील तर पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात. सकाळी उशीवर पुंजके, आंघोळीच्या वेळी मोरीच्या जाळीत गुंता, ताटात केस. डोक्याची कातडी हुळहुळते, कूस बदलली तरी दुखते. केस काढल्यानं गळणं थांबत नाही, पण हा रोजचा छळ थांबतो. बऱ्याच जणींना त्यानंतर मोकळं वाटतं. एखादीला नकोच वाटलं, आपोआप जातील तसे जाऊ दे म्हणाली, तर तेही चालतं. कुणी घाई करू नये.

लांब केस असतील तर पहिल्या डोसच्या आधीच मानेपर्यंत कापून घ्यावेत. नजरेला सवय होते आणि पुढचं काम सोपं जातं. कापलेली वेणी साधारण बारा इंच किंवा त्याहून लांब असेल, तर विगसाठी केस स्वीकारणाऱ्या संस्थांना देताही येते.

वस्तरा का नको?

केमोमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. प्रत्येक डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सगळ्यांत कमी असतात. जंतूंशी लढणारी फौजच तेवढी थकलेली असते. केस गळायला लागतात तेही याच सुमारास. एरवी ब्लेडनं कापलं तर आपण तुरटी फिरवतो आणि विसरून जातो. या दिवसांत मात्र तेवढ्या चिरेतून जंतू आत जाऊ शकतात आणि साधं दुखणं दवाखान्यात भरती होण्यापर्यंत जाऊ शकतं. प्लेटलेट कमी असतील तर रक्तही लवकर थांबत नाही.

डोकं म्हणजे काही सपाट पाट नव्हे. कानामागे खाच, मानेवर घडी, मध्येच एखादा तीळ किंवा चामखीळ. वर्षानुवर्षं केसांखाली झाकलेली ही कातडी नाजूक असते. कितीही सराईत हात असला तरी बारीक ओरखडे निघतातच.

दुकानातल्या वस्तऱ्याचा आणखी एक धोका आहे. एकाला वापरलेलं ब्लेड दुसऱ्याला लावलं तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीसारखे रक्तातून पसरणारे आजार लागू शकतात. म्हणून आता वस्तऱ्यात दरवेळी नवीन अर्धं ब्लेड घालण्याची पद्धत आहे. ते ब्लेड आपल्यासमोर मोडून घ्यायला सांगावं. नवसाचं मुंडण असो की बाळाचं जावळ, हा नियम सगळ्यांनाच लागू.

मग कोणतं हत्यार बरं?

दाढीच्या रेझरमध्ये ब्लेड थेट कातडीवर फिरतं. दोन-तीन ब्लेडांच्या रेझरनं आणखी तुळतुळीत होतं, कारण पहिलं ब्लेड केस ओढून वर आणतं आणि मागचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. पण मग तोच केस वाढताना कधीकधी कातडीतच वळतो आणि पुळी येते. केमोच्या काळात ही पुळीसुद्धा नको.

केस काढायची क्रीम तर डोक्याला लावूच नये. त्यातली रसायनं केस विरघळवतात, आणि हुळहुळणारी कातडी त्यांनी भाजून निघू शकते.

सगळ्यांत बरं ते केस कापायचं मशीन. न्हाव्याच्या दुकानात ‘झिरो मशीन मार’ म्हणतात तेच. त्यात कंगव्यासारखे दाते असलेली दोन पाती एकमेकांवर सरकतात आणि दातांमध्ये आलेला केस कात्रीसारखा कापला जातो. वर प्लॅस्टिकचा कंगवा चढवला की पातं कातडीपासून लांबच राहतं. दोन-तीन मिलिमीटरचे खुंट उरतात, तेवढेच ठेवावेत. तुळतुळीत करण्याचा हट्ट धरू नये. उरलेले खुंट पुढच्या दिवसांत आपोआप गळतात, ओल्या मऊ फडक्यानं अलगद पुसले की निघून येतात.

खुंट टोचतच असतील तर जाळीचं इलेक्ट्रिक शेव्हर चालतं. त्यात पात्यावर बारीक छिद्रांची धातूची जाळी असते, त्यामुळे पातं कातडीला लागत नाही. तेही डॉक्टरांना विचारून.

घरच्या घरी कसं करावं?

आदल्या दिवशी केस धुऊन पूर्ण वाळवावेत, तेल लावू नये. तेलकट किंवा ओल्या केसांत मशीन अडकतं. आधी कात्रीनं केस बोटभर करावेत, नाहीतर मशीन केस ओढतं आणि कळ येते. खाली वर्तमानपत्र पसरावं, खांद्यावर जुनी साडी गुंडाळावी. मशीनला कंगवा लावून कपाळाकडून मागे, दाब न देता सावकाश फिरवावं. कानापाशी कान हातानं दुमडून धरावा. मशीन चालता चालता तापतं, म्हणून मध्येमध्ये मनगटाला लावून पाहावं आणि गरम लागलं की थांबावं. झाल्यावर कोमट पाण्यानं डोकं धुऊन टिपून घ्यावं, चोळू नये.

हे काम कुणी करावं? जिच्या हातात तुम्हाला निर्धास्त वाटतं तिनं किंवा त्यानं. बहीण, मुलगी, पार्लरवाली मैत्रीण, नाहीतर नवरासुद्धा! ओळखीच्या नाभिकदादांना घरी बोलावलं तरी उत्तम, त्यांचा हात बसलेला असतो. फक्त मशीन आपलं द्यावं आणि ‘दादा, शेवटी वस्तरा फिरवायचा नाही’ हे आधीच सांगावं. घरात लहान मुलं असतील तर त्यांना अगोदर कल्पना द्यावी. आईला अचानक तसं पाहिलं तर मूल घाबरतं. आधी सांगितलं तर तेच मूल आईच्या डोक्यावरून हात फिरवायला येतं.

आरसा लगेच बघायलाच हवा असं नाही. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी बघा.

नंतरची काळजी

उघडी कातडी उन्हात लवकर भाजते. बाहेर पडताना सुती ओढणी, स्कार्फ किंवा पदर घ्यावा. रात्री डोकं गार पडतं, तेव्हा मऊ सुती टोपी घालावी. साबणाऐवजी सौम्य शाम्पू आणि वासाचं नसलेलं साधं क्रीम पुरे. कुठे ओरखडा निघालाच तर स्वच्छ पाण्यानं धुऊन स्वच्छ कापडानं दाबून धरावं. लाली, सूज किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवावं.

आणि एक गोष्ट फ्रीजवर लिहून चिकटवा. केमो चालू असताना ताप १००.४ किंवा त्याहून जास्त झाला तर रात्र असो की सण, लगेच रुग्णालयाशी संपर्क साधायचा. घरी गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही.

केस परत येतात का?

बहुतेक जणींचे येतात! उपचार संपल्यावर साधारण एक-दोन महिन्यांत कोवळी लव दिसू लागते आणि मग महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीनं केस वाढतात. सरळ केसांच्या जागी कुरळे येतील, काळ्यांच्या जागी करडे येतील, पोत बदलेल. ‘वस्तरा फिरवला की केस दाट येतात’ हा समज मात्र खोटा आहे, जावळाच्या बाबतीतही. केसाचं मूळ कातडीखाली असतं. वरून काहीही फिरवलं तरी त्याला पत्ता लागत नाही.

खरेदीला जाताना

• केस कापायचं रुंद पात्याचं मशीन मागा. दाढीच्या ट्रिमरचं पातं अरुंद असतं, डोक्याला वेळ लागतो.
• सोबत वेगवेगळ्या मापांचे कंगवे आहेत ना, ते पाहा.
• चार्जिंगचं घेतलं तर मध्येच लाइट गेली तरी काम अडत नाही.
• पातं काढून धुता येतं का, ते विचारा. वापरल्यावर वाळवून मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.
• उपचार चालू असेपर्यंत ते एकटीनंच वापरा. घरातल्या कुणाच्याही दाढीला देऊ नका.

घरात, शेजारी कुणाला गरज असेल तर हा कागद कापून तिच्या हाती द्या. तिला वाचायचा असेल तेव्हा ती वाचेल.