मान दुखते, पण दोष मानेचा नाही

भुलेश्वरच्या बाजारातून इमिटेशन दागिन्यांचं काम आपल्या घरांत येतं. खडे चिकटवायचे, मणी ओवायचे, पैसे डझनावर. घरभेटीला गेलं की ताई मांडी घालून बसलेल्या, ताट जमिनीवर आणि मान पार छातीला टेकलेली. संध्याकाळी बाम, रात्री मेडिकलमधून आणलेली गोळी.

आपलं डोकं साधारण 5 किलोचं. मान सरळ असली की कणा ते पेलतो. मान 60 अंश वाकली की मानेवर 27 किलोच्या आसपास भार येतो, असा एका डॉक्टरांनी 2014 मध्ये मांडलेला हिशेब आहे. तासन् तास आवळलेल्या स्नायूंना रक्त कमी पोचतं आणि ते ठणकू लागतात.

म्हणून मान खाली नेऊ नका, काम वर आणा. दागिने घडवायचं टेबल छातीपर्यंत उंच असतं ते यासाठीच. आपल्याकडे टेबल कुठलं? चौरंगावर पक्का खोका ठेवा, त्यावर ताट. कोपरं टेकली पाहिजेत. बुडाखाली गोधडीची घडी, पाठ भिंतीला.

नायगावच्या एका ताईंनी हे सगळं केलं, तरी दुखणं जाईना. पाहिलं तर ट्यूबलाइट पाठीमागे, स्वतःचीच सावली ताटात! शिवाय वय पंचेचाळीस आणि चष्मा नाही. खडा दिसावा म्हणून मान तिरकी व्हायची. दिवा डाव्या बाजूला घेतला, डोळे तपासून चष्मा लावला, मग फरक पडला. (डावखुऱ्यांनी दिवा उजवीकडे घ्यावा.)

अर्ध्या तासाने उठा, खांदे मागे फिरवा, खिडकीतून लांब बघा. डझनाचा भाव असला की उठवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण भाव वाढवून मागणं एकटीने होत नाही. दहाजणी मिळून शेठशी बोला.

सलूनमध्ये मान कडकड मोडून घेऊ नका, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. दुखण्याची गोळी रोज घेतली तर पोटात जखम होते, किडनीवर ताण येतो.

हाताला मुंग्या येत असतील, बोटांतून चिमटा निसटत असेल, तर थांबू नका. परळच्या केईएममध्ये केसपेपर काढून दाखवा, तिथे फिजिओथेरपीही होते. चालताना पाय लटपटत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी जा. हातातली ऑर्डर दुसरीला द्या.