नवी विंडोज, जुना परवाना

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट थांबली आणि घरात, दुकानात, पतसंस्थेत विंडोज ११ टाकून घ्यायची घाई सुरू झाली. सोबत परवान्याबद्दलच्या ऐकीव गोष्टीही फिरू लागल्या. त्यांतल्या काहींमुळे विनाकारण खिसा रिकामा होतो, काहींमुळे माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

‘अकरा हवी तर नवं लायसन्स घ्यावं लागेल,’ हे सर्रास ऐकू येतं. मूळ विंडोज १० अस्सल आणि ॲक्टिव्हेट झालेली असेल, संगणकात टीपीएम २.०, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि मान्य यादीतला प्रोसेसर असेल, तर विंडोज ११ फुकट मिळते. आवृत्ती मात्र तीच राहते. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. होमची प्रो करायची असेल तरच पैसे पडतात. अपग्रेडसाठी कुणी वेगळी की, म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड, विकत घ्यायला सांगितली, तर ती कशासाठी हे ठामपणे विचारा.

दुसरी भीती म्हणजे फॉरमॅट मारला की परवाना गेला. विंडोज ८च्या काळापासून बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. शिवाय अपग्रेड झाल्यावर त्या यंत्राच्या हार्डवेअरची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. तेच डिजिटल लायसन्स. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम वाढवा, विंडोज कोरी टाका. आवृत्ती तीच असली की इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते.

खरी अडचण मदरबोर्ड बदलल्यावर येते, कारण सर्व्हरच्या लेखी ते यंत्रच नवं असतं. इथे परवाना कुठल्या प्रकारचा आहे, यावर सगळं ठरतं. यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो. सदोष मदरबोर्ड कंपनीने वॉरंटीत बदलून दिला तरच तो टिकतो. सुटा विकत घेतलेला रिटेल परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा. परवाना मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेला आहे असं तिथे लिहिलेलं नसेल, तर लगेच जोडून घ्या. मग मदरबोर्ड बदलल्यावर त्याच पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचं सांगून हक्काचा परवाना परत मिळवायची सोय राहते.

अपग्रेडमुळे एका परवान्याचे दोन होत नाहीत, हेही नीट समजून घ्यायला हवं. विंडोज ७ असलेला संगणक दहावर नेला, म्हणून सातची की घरातल्या दुसऱ्या पीसीसाठी मोकळी होत नाही. सात-आठवरून दहावर फुकट नेण्याची योजना २९ जुलै २०१५ला आली, कागदोपत्री वर्षभराची होती. पण सात-आठच्या किया प्रत्यक्षात सप्टेंबर २०२३पर्यंत चालत राहिल्या. आता स्टिकरवरची जुनी की कोऱ्या इन्स्टॉलेशनला चालत नाही. ज्या यंत्रांची नोंद तेव्हाच झाली, त्यांचा हक्क शाबूत आहे.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘ॲक्टिव्हेट झाली म्हणजे कायदेशीर.’ चारपाचशे रुपयांत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या किया पुष्कळदा मोठ्या संस्थांच्या व्हॉल्यूम करारांतून फुटलेल्या असतात. त्या चालतात, पण वापरायचा अधिकार देत नाहीत आणि कधीही बंद होऊ शकतात. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३बी नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हिशेब लिहून देणाऱ्या, डीटीपी करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांनी हे फार गंभीरपणे घ्यावं.

विंडोज बदलल्याने बाकीच्या सॉफ्टवेअरचा परवाना बुडत नाही. ते चालेल की नाही, हा वेगळा प्रश्न. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे. ३२ बिटच्या विंडोजवर अजून चालणारे डॉसचे हिशेबाचे प्रोग्रॅम तिच्यावर थेट उघडतच नाहीत. डोंगलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला नवा ड्रायव्हर लागू शकतो. ठरावीक संगणकांवरच ॲक्टिव्हेट होणारं सॉफ्टवेअर फॉरमॅटआधी डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर जुनी नोंद जागा अडवून बसते. जागच्या जागी अपग्रेड केलं असेल, तर मागे फिरायला एरवी १० दिवस मिळतात. डोंगल, प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर त्या मुदतीतच चालवून बघा. नंतर जुनी विंडोज डिस्कवरून पुसली जाते.