दातांपर्यंत पोचायला तीस वर्षं

स्वमग्न मुलाची दाढ दुखायला लागली की ते तसं सांगेलच असं नाही. ते गालावर थपडा मारून घेतं, मनगट चावतं, ताट ढकलतं, रात्रभर जागं राहतं. घरच्यांना वाटतं, हट्ट वाढलाय. तोंड उघडून बघायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि एक दिवस गाल सुजतो.

या मुलांसाठी गेल्या तीस वर्षांत काहीच झालं नाही, असं मुळीच नाही. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला जागा दिली. पुढे न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे उपचार आले, त्यात दात किडू नयेत म्हणून करायच्या उपचारांचा खर्चही धरला गेला. 2013मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतच मुलं तपासली जाऊ लागली. दातांचे विकार आणि वाढीतला विलंब, दोन्ही त्या तपासणीच्या यादीत. 2016च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, आणि घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उपचार मिळण्याची तरतूद केली.

दात मात्र किडतच राहिले.

पेस्टचा फेस, पुदिन्याचा झणका, हिरडीला टोचणारा ब्रश अनेक स्वमग्न मुलांना सोसत नाही. मऊ भात आणि बिस्किटांवर राहणारं मूल घास गालात धरून बसतं. शाबासकी म्हणून हातावर चॉकलेट पडतं. फिटवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधाने हिरड्या फुगतात. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना दात उशिरा येतात, हिरड्यांचे आजार मात्र लवकर गाठतात.

म्हणूनच विशेष शाळांचं मोल मोठं. रायगड जिल्ह्यातल्या पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्टसारखी संस्था अशा मुलांसाठी काम करते. विशेष शिक्षणात दात घासणं हा शर्टाचं बटण लावण्यासारखाच एक धडा असतो. समोर आरसा, बाई मागे उभ्या राहून मुलाच्या हातावर आपला हात ठेवतात. आधी ब्रश नुसता ओठाला लावायचा, मग पुढच्या दातांना. दहा आकडे मोजायचे आणि थांबायचं. आकडे संपले की बाई खरंच थांबतात, हा भरवसा बसला की मूल तोंड उघडतं. दंतवैद्यकातही ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही रीत 1959 पासून आहे.

तरी काही मुलं खुर्चीत बसूच शकत नाहीत. त्यांना पूर्ण भूल द्यावी लागते, आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ असलेलं सुसज्ज रुग्णालय लागतं. गोंगाटाने बिथरणाऱ्या मुलाला घेऊन रोह्याहून वडखळमार्गे मुंबई गाठणं म्हणजे काय, ते त्या आईलाच विचारावं.

पेण आणि रोह्याच्या सरकारी रुग्णालयांनी महिन्यातला एक दिवस, रांगेशिवाय, या मुलांच्या दातांसाठी राखून ठेवावा. आणि पालकांनी दुखण्याची वाट न पाहता, मूल वर्षाचं होताच त्याला दंतवैद्याकडे न्यावं.