राज्य नाट्य स्पर्धा : मुलांना एक नव्हे, दोन-तीन नाटकं दाखवा



मराठीच्या पुस्तकात नाट्यउतारा आला की वर्गात काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन मुलं उभी राहतात आणि आपापल्या पात्राचं वाचतात. 'रागाने पाय आपटत' ही कंसातली सूचनासुद्धा त्याच एका सुरात वाचून टाकतात! मग आपण प्रश्नोत्तरं लिहून देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. यात मुलांचा काही दोष नाही. आपल्या जालना जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी शाळेच्या गॅदरिंगपलीकडे नाटक पाहिलेलंच नसतं.

यावर उपाय आपल्या जवळच आहे. शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धा घेतं. १९५४ पासून ही परंपरा आहे. हौशी नाटकांची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीनंतर वेगवेगळ्या केंद्रांवर होते. जालन्याच्या फुलंब्रीकर नाट्यगृहातही या फेरीचे प्रयोग झालेले आहेत. रोज संध्याकाळी एक नाटक, रोज नवा संघ. तिकीट अगदी नाममात्र असतं.

हे संघ म्हणजे कोण? दिवसा बँकेत, शाळेत, दुकानात काम करणारी आणि संध्याकाळी तालीम करणारी माणसं. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून ते नेपथ्य उभं करतात, दिवे लावतात, आणि रात्री सगळं उतरवून रंगमंच रिकामा करून देतात. कारण उद्या दुसऱ्यांचा नंबर!

मला मुख्य सांगायचंय ते इथून पुढे. मुलाला एकच नाटक दाखवलं तर तो म्हणतो, 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं'. संपलं. पण त्याच आठवड्यात दुसरं दाखवलं की तो आपोआप तुलना करायला लागतो. काल रंगमंचावर भिंती, दार, खिडकी, सगळं घर होतं. आज नुसते चार ठोकळे आहेत आणि तेच कधी एसटी होतात, कधी चावडी. काल विनोदी होतं, आज शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट आहे, परवा ऐतिहासिक असेल. 'सर, पण घर दिसलंच नाही, तरी कळलं कसं?' हा प्रश्न मुलाने विचारला की समजा धडा सुरू झाला.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली 'रंगायन' संस्थेने याच स्पर्धेसाठी केलं होतं. त्यात गावातल्या एका सभागृहात माणसं खोट्या खटल्याचा खेळ मांडतात आणि बघता बघता तो एका बाईच्या आयुष्यावरचा खरा खटला होऊन बसतो. १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये तर नटांची एक रांगच पडदा झाली, भिंत झाली. (दोन्ही नाटकं मोठ्यांसाठीची आहेत. मुलांना फक्त ही युक्ती सांगा.)

आता भाषेबद्दल. वर्गात मुलगा 'हे मपलं दप्तर हाय' म्हणतो आणि आपण लगेच टोकतो, 'मपलं नाही, माझं म्हण.' मीही टोकलंय. दोन-चार वेळा टोकलं की ते मूल 'माझं' म्हणायला लागत नाही, ते बोलायचंच थांबतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं असंच झालं होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला अर्धं वर्ष गेलं.

अशा मुलांना 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाची गोष्ट जरूर सांगा. २०१२ साली आलेलं हे नाटक राजकुमार तांगडे यांनी लिहिलं. ते आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थचे. संकल्पना शाहीर संभाजी भगत यांची आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचं. कैलास वाघमारेंसह बरेचसे कलाकार जालना भागातले, त्यातले काही शेती करणारे. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण त्यांचा विचार काही त्याला नेता येत नाही. मग हरवलेला जिरेटोप शोधत, तो कोणाच्या डोक्याला बसतो हे पाहत तो फिरतो. जयंतीवरून दोन गटांत सवाल-जवाब रंगतात. हे सगळं आपल्याकडच्या बोलीत! पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं आणि शेकडो प्रयोग झाले. बोलीमुळे कुठे काही अडलं नाही.

प्रमाणभाषा शिकवायची नाही, असं मी म्हणत नाहीये. परीक्षेत ती लागणारच. पण नाट्यउतारा शिकवताना एकदा तोच प्रसंग मुलांना घरच्या बोलीत करायला सांगा. वर वाचताना अडखळणारी मुलं इथे पुढे असतात. त्या मुलीने माझ्या वर्गात आजीचं काम केलं आणि मध्ये दोन वाक्यं स्वतःच्या मनाची घातली.

नाटक पाहून आल्यावर निबंध मात्र लिहायला लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. एकाला फक्त दिवे बघायला सांगा, एकाला कपडे, एकाला आवाज. स्पर्धेत प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा यांना वेगळी बक्षिसं असतात, तर मुलांनाही आपले परीक्षक होऊ द्या.

पालकांची अडचण रात्रीची असते, ती खरी आहे. प्रयोग सातच्या सुमारास सुरू होतो आणि सुटेपर्यंत मंठा-परतूरकडची एसटी मिळेल याची खात्री नसते. चार-पाच घरांनी मिळून गाडी करावी. ते जमत नसेल तर याच स्पर्धेतली बालनाट्याची फेरी बघा. तिथे दिवसाच एकामागून एक नाटकं होतात, म्हणजे एका फेरीत दोन-तीन पाहून संध्याकाळच्या आत घरी येता येतं. तारखा स्थानिक वर्तमानपत्रात येतात. डबा बरोबर घ्या, आणि कोणतं नाटक चांगलं हे मुलांना आधी सांगू नका.